पाण्याखालचं लॉन

शुक्रवार, ७ जानेवारी १९९४. सकाळी ७.४०
बॉयलरवाल्याने कंपनीला डायऱ्या दिल्या. स्टोअर्सच्या वाट्याला एक आली आणि स्टोअर्स म्हणजे मी. गेल्या वर्षीच्या डायरीत फक्त गॅस सिलिंडर आल्याच्या तारखा आहेत. यंदा तसं होणार नाही. यंदा एका मोठ्या कामाची नोंद होणार आहे.

काम असं: फिशटँकमध्ये लॉन उगवून दाखवणं. मासे कुणीही पाळतो. पाण्याखाली हिरवळ बदलापुरात कुणी पाहिलेली नाही. कुळगावात तर नाहीच नाही.

कल्पना रद्दीवाल्याकडच्या एका इंग्लिश मासिकातली. पान ४७ वर फोटो आहे. काचेच्या पेटीत पाणी, तळाशी गालिच्यासारखं गवत, वर चार मासे मालकासारखे फिरतायत. टँक जर्मनीतल्या एका रिटायर्ड पोस्टमास्तरचा. पोस्टमास्तरला जमतं तर मी स्टोअर्सचा माणूस आहे. मला चार हजार आयटेम तोंडपाठ आहेत.

सकाळी १०.००
गवताला उजेड लागतो. घरात उजेडाची खिडकी एकच आणि तिथे शालनचं शिलाई मशीन. शांतपणे समजावलं. मशीन काय, कुठेही चालतं. ती म्हणाली, मग गवतही कुठेही उगवेल. बायकांना सायन्स समजावणं अवघड आहे.

सकाळी ११.३०
तडजोड झाली. खिडकी बुद्धपौर्णिमेपर्यंत माझी, म्हणजे २५ मेपर्यंत. तोवर लॉन आलं नाही तर खिडकी तिची, कायमची. तिने माझ्याकडून हे दोनदा वदवून घेतलं आणि आईला साक्षीला बसवलं. आई म्हणाली, गयाबाईच्या पोराने आजवर काय पुरं केलंय? गयाबाई म्हणजे ती स्वतःच. असं स्वतःबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलते, म्हणजे मला उत्तर देता येत नाही.

मशीन स्वयंपाकघरात पिंपाशेजारी, चाळीसच्या बल्बखाली हलवलं. छान बसलं.

शुक्रवार, १४ जानेवारी
आमची कंपनी आनंदनगर एमआयडीसीत. तिथे शुक्रवारी लाइटची सुट्टी, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी. लॉनसाठी आठवड्याला एक पूर्ण दिवस राखीव. पोस्टमास्तरला रोजच सुट्टी होती हे मान्य, पण त्याच्याकडे जिद्द किती होती कुणास ठाऊक.

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनला लीलारामच्या दुकानातून टँक आणला. दोन फूट बाय एक फूट. शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक बाई जीनच्या पँटींचं गाठोडं घेऊन. तिने गाठोडं टँकमध्ये ठेवलं, म्हणाली, मोकळाच आहे ना. मी तिला मासिकातला फोटो दाखवला. ती म्हणाली, ह्यात कपडे जास्त मावतील.

लीलारामने दोन गोल्डफिश फ्री दिले. म्हणाला, साईं, बोहनी का टाइम है.

शुक्रवार, २१ जानेवारी
टँक बसवला. खाली थर्मोकोल. स्टुलाचा एक पाय आखूड म्हणून थर्मोकोलखाली मासिकाची मागची पानं फाडून घडी घातली. मागे सगळ्या जाहिरातीच असतात, वाचायची गरज नसते.

बारवीच्या ओढ्याची रेती सात पाण्यांनी धुतली. रेती धुताना मोरी तुंबली. ती शालनने काढली.

शुक्रवार, २८ जानेवारी
गवत आलं! लीलाराम म्हणाला, फॉरेन का आयटम है साईं, सिंगापूर से आया. नाव हेअरग्रास. ओल्या सिंधी पेपरात गुंडाळलेलं होतं. सिंगापुरातही सिंधी लोक बरेच आहेत असं ऐकून आहे.

सकाळी चिमट्याने एकेक काडी रेतीत खोचली. १४० काड्या. मान मोडली. चिमटा शालनच्या शिवणाच्या डब्यातला आहे, उसवलेले दोरे काढायचा. परत करीन.

संध्याकाळी ६.३०
१३१ काड्या तरंगतायत. म्हणजे नऊ रुजल्या. नऊ म्हणजे सुरुवात.

शनिवार, २९ जानेवारी
आठ.

सोमवार, ३१ जानेवारी
पाच. पण त्यातली एक अतिशय ठणठणीत आहे. ताठ, जाड, बाकीच्यांपेक्षा रंगाने वेगळी. तिच्यापासूनच पुढची पैदास करायची.

मंगळवार, १ फेब्रुवारी
ती केरसुणीची काडी निघाली.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी
गुन्हेगार सापडले. गोल्डफिश. दिवसभर रेती उकरतात. लीलाराम म्हणाला, साईं, गोल्डफिश तो खोदता ही है. मग दिले का? म्हणाला, फ्री में दिया ना. दोघे सध्या बादलीत. आई त्यांना भात घालते. पुण्य लागतं म्हणते. बादलीला वास लागला आहे.

आता गप्पी आणले. गप्पी खोदत नाहीत. लीलारामने शपथ घेतली.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी
दुसरी लावण. १६० काड्या. आज दारावर चांगुणा आली होती. बारवीकडच्या पाड्यावरची बाई, भाजी घेऊन येते, शालनशी चांगली ओळख. टँकशी वाकून बसली आणि हसायला लागली. म्हणाली, दादा, ह्ये काय लावलंव? ह्ये तं आमच्या खाचरान व्हतं. उपटून उपटून कंबर मोडते आमची.

मी म्हणालो, बाई, हे सिंगापूरचं आहे.

ती म्हणाली, आसंल. आमच्याकडं बी तसंच आसतं. आन रेतीत काय येतंय ते, चिखूल लागतो त्याला.

ग्रामीण भागात सायन्सचा प्रसार व्हायला पाहिजे. मासिकात स्वच्छ लिहिलं आहे, धुतलेली रेती. पान ४७ चा शेवट: "यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट नवशिक्यांनी लक्षात ठेवावी, ती अशी की", आणि पुढे, उर्वरित भाग पान ८२. पान ८२ मासिकात नाही. रद्दीवाल्याला जाऊन बोललो. माणसाने धंदा करावा पण विद्येची पानं फाडू नयेत.

शुक्रवार, २५ फेब्रुवारी
काड्या तरंगतातच. पण कमी. याचं कारण आता कमी उरल्या आहेत.

शालन म्हणाली, स्वयंपाकघरात दुपारीसुद्धा दिसत नाही. निळ्या कापडावर निळा दोरा. तिला म्हणालो, गाजर खा.

शुक्रवार, ११ मार्च
महत्त्वाचा निर्णय. पाण्याला खत हवं. आनंदनगरला आमच्या शेजारच्या शेडमध्ये युरिया येतो. तिथून चिमूटभर मागून आणला. खरं म्हणजे मूठभर. चिमूट कुणी देत नाही, लाज वाटते.

सोमवार, १४ मार्च
यश! पाणी हिरवं व्हायला लागलं. गवताआधी रंग येतो. आधी पहाट होते, मग सूर्य. शालनला दाखवलं. ती बराच वेळ पाहून म्हणाली, मासे कुठेत?

गुरुवार, १७ मार्च
पाणी मुगाच्या कढणासारखं. मासे दिसत नाहीत. मासे नसण्याची शक्यता मी नाकारत नाही.

शुक्रवार, १८ मार्च
मासे नव्हते. म्हणजे होते, पण वर.

काचेवरही हिरवं बसलं आहे. आई ते हाताने पुसून म्हणाली, ह्येच तुझं लॉन का? तिला शेवाळ आणि लॉन यातला फरक सांगितला. म्हणाली, दोन्ही हिरवंच ना. तत्त्वतः बरोबर आहे. काच उभी आहे एवढंच. उभं लॉन.

शुक्रवार, २५ मार्च
शालनचं सँपल नापास झालं. कॅम्प तीनला जीनचा एक कारखाना आहे, तिथल्या मास्टरने तिला एक पँट शिवून आणायला सांगितली होती. पास झाली असती तर दर आठवड्याला घरपोच गठ्ठे मिळणार होते, वर कारखान्याचं मोटारचं मशीन घरी वापरायला. मला हे आत्ताच कळलं. ती म्हणते, तीनदा सांगितलं, तुम्ही काड्या मोजत होतात.

शिलाई वाकडी गेली. मास्टर म्हणाला, बाई, आँख बंद करके सिला क्या? ती घरी येऊन पिंपाशेजारी बसून राहिली. रडली नाही. भांडलीही नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मला वाईट वाटलं. गाजरं आणून दिली.

शुक्रवार, १ एप्रिल
टँक रिकामा करून पुन्हा. तिसरी लावण. लीलाराम आता मला बघून खुर्ची देतो.

नवा शोध त्याच्याकडूनच. गवताला गॅस लागतो. कार्बन डायऑक्साइड. फॉरेनमध्ये सिलिंडर असतो. पण लीलारामने कानात सांगितलं, साईं, घर में बनता है. गूळ, यीस्ट आणि कोमट पाणी बाटलीत भरायचं, बूच घट्ट, बुचातून नळी. आत बुडबुडे होतात, ते टँकमध्ये सोडायचे. बुडबुडा खाऊन गवत फोफावतं.

इतकं सोपं? पान ८२ वर नक्की हेच असणार.

शनिवार, २ एप्रिल
सामान: गूळ अंबरनाथच्या बाजारातून. काळा घेतला. यीस्ट बेकरीतून. बाटली आणि नळी दवाखान्याच्या कंपाउंडरकडून, सलाइनची, धुऊन. त्याने विचारलं, कुणासाठी? म्हणालो, गवतासाठी. 

रविवार, ३ एप्रिल. सकाळी ६.१०
बुडबुडा! मिनिटाला चौदा. मी मोजले. वास जरा आहे.

शुक्रवार, ८ एप्रिल
बाटली ऊबेत ठेवली की बुडबुडे वाढतात. म्हणून कपाटामागे, गोधडीत गुंडाळून, पडद्याआड. नळी पडद्यातून टँककडे. आता मिनिटाला बावीस. दर तीन दिवसांनी बाटली बदलायची. जुनी मोरीत ओतायची. मोरीचा पाइप खाली जिन्याजवळ उघडा आहे, वास तिथे जास्त येतो.

आज तळमजल्याचा नाथा वर येऊन गेला. साखर मागायला. त्याने साखर घेतली, पण बराच वेळ उभा राहिला. जाताना म्हणाला, कधी उरलं तर सांगा हां शिवरामभाऊ, आपण घरचे आहोत. चांगला शेजारी. विज्ञानाची आवड दिसते.

शुक्रवार, १५ एप्रिल
काल जयंती जोरात झाली. विहारात व्यसनमुक्ती समितीचा सचिव म्हणून मी पाचव्या शीलावर पंचवीस मिनिटं बोललो. दारूने घरं कशी बुडतात. लोक एकमेकांकडे बघत होते, म्हणजे बोलणं काळजाला भिडलं. पुढच्या रांगेतला नाथा तर खाली मान घालून गदगदत होता.

विहाराचे अध्यक्ष शंकरराव. रिटायर्ड माणूस, शिस्तीचा, खोटं बोललेलं खपत नाही. त्यांना मी शब्द दिला: बुद्धपौर्णिमेला विहारात माझा टँक ठेवीन. नाव "लुंबिनी वन". हिरवळ, एक छोटं झाड, निर्मळ पाणी. आणि त्या दिवशी मुख्य भाषणही माझंच. शंकरराव म्हणाले, बघू. नाक जरा आक्रसलं होतं. सर्दी असेल.

शुक्रवार, २९ एप्रिल
११ काड्या स्थिर आहेत. खेचून पाहिल्या. त्यामुळे आता आठ.

शालनला मास्टरने दुसरी संधी दिली. शेवटची. २८ मेला सँपल द्यायचं. तिने आज माझ्याकडे खिडकी मागितली. दोन दिवस फक्त, दुपारची. मी समजावलं की गवत सध्या नाजूक अवस्थेत आहे. दोन दिवसांच्या अंधाराने चार महिन्यांची मेहनत जाईल. ती म्हणाली, माझी सात वर्षांची जाते त्याचं काय?

सात वर्षं म्हणजे लग्नाची. की शिवणाची, विचारलं नाही.

शुक्रवार, ६ मे
शालनने मशीन जिन्यात नेऊन मांडलं. चांगुणाने एका बाजूने धरलं, हिने दुसऱ्या. जिन्याच्या जाळीतून ऊन येतं. येणारे-जाणारे पायऱ्यांवर अंग चोरून जातात. तिला म्हणालो, बिल्डिंगच्या लोकांना अडचण होते, सिव्हिक सेन्स पाहिजे. ती म्हणाली, लोक म्हणतात, ताई, घरात बसवत नसेल, आम्हाला कळतं. काय कळतं ते तिला विचारलं. तिने मान खाली घालून शिलाई मारली.

गुरुवार, १२ मे. संध्याकाळी ७.००
आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

ड्यूटीवरून आलो तर घरात शंकरराव आणि समितीचे दोघे. चपला बाहेर, चेहरे मर्तिकाला आल्यासारखे. शंकरराव म्हणाले, जयभीम. बस. आपलंच घर समज. मी म्हणालो, माझंच आहे.

मग म्हणाले, तक्रार आली आहे. तीन जणांची. मोरीच्या पाइपाला हातभट्टीचा वास येतो. शिवराम, आपण समाजाची माणसं. जे असेल ते सांग. आम्ही मारायला आलो नाही.

मला हसू आलं. पडदा बाजूला केला आणि सगळं दाखवलं. गोधडी, बाटली, नळी. म्हणालो, ही भट्टी नाही, हे विज्ञान आहे.

शंकररावांनी विचारलं, बाटलीत काय? काळा गूळ. आणखी? यीस्ट. नवसागर? नाही, नवसागर मासिकात नाही. मग ते म्हणाले, गूळ सडवतोस, नळीने काढतोस, पडद्याआड ठेवतोस, गोधडीत गुंडाळतोस. आणि पितं कोण?

म्हणालो, गवत.

तिघे टँककडे वळले. टँकमध्ये आठ काड्या होत्या. 

मदत होईल म्हणून आईकडे पाहिलं. आई म्हणाली, गयाबाई खोटं बोलायची नाय. रोज सकाळी उठतो, बाटली हलवतो, वास घेतो आन खूश होतो.

तेवढ्यात शालन जिन्यातून आली. म्हणाली, काका, हे पीत नाहीत. पीत असते तर निदान काही कारण तरी असतं.

हा माझा बचाव होता असं मी धरून चाललो आहे.

शंकरराव उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पौर्णिमेचं भाषण मी दुसऱ्याकडे देतो. तू आराम कर. तू चप्पल-स्टँड सांभाळ.

शुक्रवार, १३ मे
थोर माणसांना त्यांच्या काळाने ओळखलं नाही. समितीकडून राजीनाम्याची चिठ्ठी आली. माझ्याच सहीची जागा सोडलेली.

ठरलं: आता दुप्पट गॅस. दोन बाटल्या. पौर्णिमेपर्यंत बारा दिवस आहेत. जिद्दीने काय होत नाही?

सोमवार, १६ मे. सकाळी ५.५०
दुसऱ्या बाटलीचं बूच उडालं. धक्क्याने पहिली आडवी होऊन तिचा सगळा गूळ नळीतून टँकमध्ये. पाणी चहासारखं. नवे गप्पी एका कुशीवर पोहत होते, आनंदी दिसत होते. आठच्या सुमारास थांबले.

आवाजाने नाथा वर आला. म्हणाला, फुटली का? आणि जमिनीकडे बघून हळहळला. मनापासून.

शुक्रवार, २० मे
पाणी बदललं. घरभर वास. चार काड्या आहेत. पाच दिवसांत चाराचे चारशे होणं गणिताने अशक्य नाही. दिवसाला अडीच पट.

बुधवार, २५ मे. बुद्धपौर्णिमा. दुपारी ४.००
सकाळपासून चप्पल-स्टँडवर होतो. चारशे बारा जोड, एकही हरवला नाही. शंकरराव म्हणाले, बघ, मन लागलं की जमतं.

घरी आलो. खिडकीत मशीन होतं.

शालन शिवत होती. उन्हाचा पट्टा सरळ सुईवर. ती चांगुणाच्या मदतीने हे करून मोकळी झाली होती. टँक रिकामा करून स्टुलासकट माळ्याखाली. रेती आणि त्यातलं जे काय असेल ते मागच्या गॅलरीत फुटक्या घमेल्यात, तुळशीच्या मातीवर ओतलेलं, गळक्या नळाखाली.  शालनने खिरीची वाटी पुढे केली आणि पुन्हा पायडल मारायला लागली. ती शिवताना पुटपुटते, हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. पिंपाशेजारी ऐकू येत नसेल.

करार करार असतो. मी शब्दाचा माणूस.

टँकखालचं थर्मोकोल उचललं तर खाली घडी घातलेले कागद. जाहिराती. त्यातला वरचा एक चिकटलेला होता. सोडवला. पान ८२.

"...ती अशी की, हे गवत मुळात दलदलीतलं तण आहे. नवशिक्याने ते पाण्याखाली लावूच नये. एखाद्या पसरट भांड्यात ओला चिखल घ्यावा, त्यावर टाकावं, उन्हात ठेवावं आणि त्याच्याकडे लक्ष देऊ नये."

पान या डायरीत ठेवलं आहे. कुणाला सांगण्याचं कारण नाही.

शनिवार, २८ मे
सँपल पास. मास्टर म्हणाला, अभी लगता है आँख खोल के सिया. शालन कॅम्प तीनहून रिक्षाने आली, सोबत पहिला गठ्ठा. हसत होती. आईला मिठाई दिली, मला दिली, बादलीतल्या गोल्डफिशनाही चिमूटभर दिली. ते दोघे जिवंत आहेत हे मी विसरलोच होतो. भातावर चांगले पोसलेत.

मला आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण मला वाटलं होतं होणार नाही.

शुक्रवार, १ जुलै
ऐतिहासिक दिवस! गॅलरीतल्या घमेल्यात सहज नजर गेली. हिरवं! घमेलंभर, काठापासून काठापर्यंत, दाट, मऊ, एकसारखं. हात फिरवला. गालिचा! पान ४७! पोस्टमास्तरचंसुद्धा इतकं दाट नव्हतं.

कुणी म्हणेल, आपोआप आलं. आपोआप काहीच येत नाही. त्यामागे सहा महिन्यांची मेहनत आहे. युरिया, गॅस, सगळं त्या मुळांत साठलेलं होतं. ते आता बाहेर आलं.

शंकररावांना निरोप पाठवला: पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेदहाला चहाला या, मी काय करत होतो ते डोळ्यांनी बघा. त्यांचं उत्तर आलं, येतो, समितीलाही आणतो. आता राजीनामा परत घ्यायची विनंती ते करतील. मी आधी नाही म्हणेन.

शुक्रवार, ८ जुलै. सकाळी ७.००
घमेलं बघून आलो. चमकतंय. कंपनीतून पांढरा कोट आणला आहे. तो घालीन की नाही ते अजून ठरलेलं नाही. अंबरनाथला जाऊन बिस्किटं आणतो, चांगली.

सकाळी ११.४५
बिस्किटं घेऊन सव्वादहाला आलो. चांगुणा दारात टाकळ्याची जुडी ठेवून निघतच होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे. म्हणाली, वहिनीनं च्या दिला, तं मंग बसल्या बसल्या तुमचं घमेलं साफ क्येलं दादा. किती माजलं व्हतं! आमची लावनी चाललीय ना, हात ऱ्हात नाय. येक मूळ ठेवलं नाय बघा. पैशे नको, वहिनी आपलीच हाय.

गॅलरीत गेलो. घमेल्यात चिखल होता. गुळगुळीत, हाताने सारवल्यासारखा. बाजूला गवताचा ढीग नव्हता. विचारलं. म्हणाली, शेळीला म्हनून मगाच पाड्यावर धाडलं.

साडेदहाला शंकरराव आले. मागे समिती. पांढरा कोट मी घातला होता, काढायला वेळ मिळाला नाही. त्यांना गॅलरीत नेलं, कारण दुसरं काही दाखवायला नव्हतं. त्यांनी चिखल बघितला. मला बघितलं. बाटली, नळी कुठे आहे विचारलं. म्हणालो, टाकली. त्यांचे डोळे भरून आले. समितीसमोर माझा हात हातात घेऊन म्हणाले, सुटेल शिवराम. वेळ लागतो. पण तू माती बघत बसायला लागलास, ही चांगली खूण आहे.

सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली.

दुपारी ३.१५
शालन इतकी हसली की तिला कारखान्याच्या मशीनची मोटार थांबवावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, रिकामे आहात तर इथे बसा. उद्या गठ्ठा द्यायचा आहे, पँटींचे सुटे दोरे काढायचेत. आणि माझा चिमटा जानेवारीपासून तुमच्याकडे आहे.

खिडकीजवळ बसलो. उजेड खरंच चांगला आहे तिथे. निळ्यावर निळा दोरासुद्धा दिसतो. मान मोडेपर्यंत काम केलं. एकशेचाळीस दोरे काढले, मोजून.

शालनने पँट उलटी करून तपासली. नऊ राहिलेत म्हणाली.